आमच्यात कुणाला टक्कल नाही

टोक

"हा भांग आहे की मिरज-सांगली रस्ता?"

आत्तीचा एक पाय अजून रिक्षात होता, दुसरा आमच्या पायरीवर, आणि नजर माझ्या डोक्यावर. लाडवांचा डबा माझ्या हातात कोंबत ती पूर्ण खाली उतरली, रिक्षावाल्याला "थांब की जरा, पिशवी राहिली" म्हणाली, आणि परत माझ्या भांगाकडे वळली.

"गेल्या दिवाळीला पायवाट होती. आता चौपदरी झालाय."

"वन्सं, आत तर या," आई म्हणाली.

"येते. पण हे काय झालंय ते आधी सांग."

(इथे आई काय म्हणाली ते यायला हवं. तिनं रिक्षातली पिशवी उचलली आणि आत गेली.)

आत्ती म्हणजे इंदुमती, अप्पांची थोरली बहीण, राहणार निपाणी. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून ती दरवर्षी वसुबारसेला मिरजेला आमच्याकडे यायची आणि भाऊबीज करूनच परत जायची. उंच, ठसठशीत बाई. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतल्या सतारींच्या दुकानांत तारा आपोआप झणकाराव्यात. आणि मानेवर तो अंबाडा. काळाभोर, नारळाएवढा, त्यावर कायम अबोलीचा गजरा. साठी उलटलेल्या बाईचा असा अंबाडा मी दुसरा पाहिला नाही. लहानपणी मला वाटायचं, आत्तीला दोन डोकी आहेत आणि मागचं जरा लाजाळू आहे.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं की माझं. मुलगा कोल्हापूरचा, सुहास. त्याला मी फोनवरच सांगून टाकलं होतं, की माझे केस विरळ होत चाललेत, पुढे आणखी होतील, नंतर म्हणू नकोस. तो म्हणाला, "माझं कपाळ वर्षाला बोटभर मागं सरकतंय. शोभू एकमेकांना." तेव्हा प्रश्न सुहासचा नव्हता.

प्रश्न आईचा होता.


गुंता

माझे केस का जातात याबद्दल आमच्या घरात एकमत नव्हतं, पण मतांची टंचाईही नव्हती.

शेजारच्या भोकरेकाकू म्हणायच्या, पाणी. त्यांच्या मते सगळा दोष गल्लीतल्या नव्या बोअरचा. तेच पाणी त्यांच्या दोन म्हशी रोज पीत होत्या, अंगावर ओतून घेत होत्या, आणि म्हशींच्या केसांना काही झालं नव्हतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. काकू महिनाभर विरजण द्यायच्या बंद झाल्या. ऑफिसातली माझी मैत्रीण म्हणायची, शाम्पू. मी शाम्पू बदलला. मग म्हणाली, बदलल्यामुळे. स्कूटीवर बसताना मी तोंडाला आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळायची. कुणीतरी म्हणालं, स्कार्फनं केस गुदमरतात. केस कसे गुदमरतील, त्यांना काय नाक असतं, असं विचारत मी स्कार्फ सोडला. तोंड काळवंडलं, केस जायचे ते गेलेच.

आत्तीचं मत मात्र कधीच बदललं नव्हतं. ते एकच होतं आणि ती ते दर दिवाळीला नव्यानं मांडायची.

"शैला, तू हिचा बॉबकट केलास तिथंच सगळं बिघडलं."

झालं होतं ते असं. मी दुसरीत होते. आई मुलींच्या शाळेत शिकवायची आणि तिची शाळा सकाळची. पहाटे उठून डबे, पाणी, अप्पांची ड्यूटी, आणि त्यात माझ्या दोन वेण्या. एका शनिवारी तिनं मला स्टेशनजवळच्या सलूनमध्ये नेलं, खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवलं आणि कानाच्या पाळीइतके केस ठेवून बाकीचे कापून टाकले. मला इतका आनंद झाला होता, की मी घरापर्यंत मान झटकत आले. त्या दिवाळीला आत्तीनं मला बघितलं आणि दिवसभर आईशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली. "मुळं दुखावलीस पोरीची," म्हणाली.

उलट बोलायला आईला येत नव्हतं असं नाही. शाळेत मुख्याध्यापक तिला बघून व्हरांड्याची दुसरी बाजू धरायचे. पण आत्तीनं बॉबकट काढला की आई शेव गाळत राहायची, नाहीतर उगीच भांडी लावायला उठायची. मला राग यायचा. एवढी बोलकी बाई इथं का गप्प बसते?

ते मला त्याच वर्षी कळलं. लग्न ठरल्यापासून आई रोज संध्याकाळी लोखंडी कढईत तेल उकळायची. माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या, काय मिळेल ते. घरभर असा वास सुटायचा, की मांजर माळ्यावर जाऊन बसायचं. मग मला पुढ्यात बसवून ती ते डोक्यात जिरवायची. जिरवता जिरवता एकदा म्हणाली,

"दुसरीत होतीस ना गं? की तिसरीत?"

"कधी?"

"नाही, काही नाही."

आणि बोटं पुन्हा भांगावरून फिरायला लागली, जास्तच हळू, खरचटलेल्यावर मलम लावावं तशी. तिला ते खरं वाटत होतं. आत्ती बोलायची म्हणून नाही. आत्ती नसतानाही.


आमच्यात

घरात आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या नांद्रेकरांच्यात टक्कल नाही. आत्ती हे कुणालाही ऐकवायची. "आमच्यात कुणाला टक्कल नाही. केस बघावेत तर आमच्या घराण्याचे."

हे ती सांगत असायची तेव्हा तिचा भाऊ, म्हणजे माझे वडील, समोर बसून चिवडा खात असायचे. अप्पांच्या डोक्यावर, दोन्ही कानांच्या वर जरासं गवत सोडलं, तर काहीही नव्हतं. पंखा लागला की त्याची पाती त्यात दिसायची.

पण ते टक्कल नव्हतं. अप्पा रेल्वेत गार्ड होते आणि त्यांचे केस गार्डाच्या टोपीनं घासून गेले होते. आजोबांचे पटक्यानं गेले होते. आयुष्यभर डोक्याला वारा म्हणून लागला नाही. धाकट्या काकांचे पुण्याच्या पाण्यानं गेले. निपाणीच्या एका चुलतभावाचे तंबाखूच्या वखारीतल्या खकाण्यानं. प्रत्येकाचं स्वतंत्र कारण होतं, प्रत्येक कारण घरात मान्य होतं, आणि त्यामुळे घराण्यात टक्कल नव्हतं.

मी हे सगळं लहानपणापासून ऐकत आले होते. मलाही त्यात काही खटकलं नव्हतं.


भांग

वसुबारसेच्या दुपारी आत्तीनं मला माजघरात ओढलं आणि दार लोटलं. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. उलगडलं तर गंगावन. लांब, काळं, चकचकीत, एका टोकाला दोरा गुंडाळलेला.

"हे कशाला?"

"कशाला म्हणजे? लग्नात बोडकी उभी राहणार आहेस? बस खाली."

मी बसले. तिनं माझे होते नव्हते ते केस गोळा केले, एक पेड काढला, गंगावन आत अडकवलं, दोन चिमटे आतून, एक बाहेरून, वर पीळ, पिळावर पीळ. भांगसुद्धा असा तिरका पाडला, की रस्ता बंद. आरशात मला एक अनोळखी, श्रीमंत केसांची बाई दिसली.

"आत्ती, किती पटकन घातलंस! तुला कसं येतं हे?"

"निपाणीत सगळ्यांना येतं," ती म्हणाली आणि चिमटे उचलायला लागली.

"पण न्हाणीला काय करायचं?"

न्हाणी म्हणजे हळद उतरवताना नवरीला घालतात ती आंघोळ. दोन्हीकडच्या बायका भोवती उभ्या, केस मोकळे आणि ओले. ओल्या केसांत काही लपत नाही.

"न्हाणीला मी आहे. तुला दार लावून न्हाऊ घालते. म्हणेन, पोरीला थंडी बाधते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, मुलाकडच्या बायका बघतील तेव्हा तुला नाही बोलणार. तुझ्या आईला बोलतील. म्हणतील, एकुलती पोरगी, आणि हिला नीट वाढवता आली नाही."

बाहेर स्वयंपाकघरात झारा कढईला लागल्याचा आवाज थांबला. दार नुसतं लोटलेलं होतं.

मी गंगावन काढून तिच्या हातात दिलं. "उद्या मी डॉक्टरकडे जाणार आहे," म्हणाले. खरं तर असं काही ठरलं नव्हतं. पण मिरजेत राहून डॉक्टर शोधायला वेळ लागत नाही. प्रत्येक गल्लीत दोन असतात. "आई येईल माझ्याबरोबर. कारण काय आहे ते एकदा शिकलेल्या माणसाकडून ऐकून घेऊ."

"मी पण येते," आत्ती म्हणाली. "डॉक्टरला पूर्वीचं कोण सांगणार?"


मूळ

(धनत्रयोदशीची सकाळ. डॉ. फरीदा मुजावर यांचा दवाखाना. आज धन्वंतरीची पूजा म्हणून कंपाउंडरनं दारातच सगळ्यांच्या हातावर धने-गूळ ठेवलाय. मी स्टुलावर. मागे दोन खुर्च्यांत आरोपी आणि फिर्यादी, म्हणजे आई आणि आत्ती. अप्पा खाली गाडीत, कारण गाडी लावायला जागा नाही.)

डॉक्टर: (भिंगातून माझ्या भांगात बघत) झुबक्यानं गळतात? उशीवर, मोरीत?

मी: नाही. गळताना फारसे दिसत नाहीत. नुसते कमी होतात.

डॉक्टर: बरोबर. हे बघा, जाड केस, त्याच्या शेजारी बारीक, त्याच्या शेजारी आणखी बारीक. गेलेत कमी, बारीक झालेत जास्त.

आत्ती: तेल नाही मिळालं की होणारच बारीक.

डॉक्टर: आपण कोण, आजी?

आत्ती: हिची आत्ती. हिच्या वडिलांची थोरली बहीण.

डॉक्टर: मग तुम्हीच सांगा. घरात आणखी कुणाला असं आहे?

आत्ती: आमच्यात कुणाला टक्कल नाही.

डॉक्टर: कुणालाच?

आत्ती: कुणालाच. हिच्या आजोळचं असेल. हिच्या आईच्या आईचे शेवटी शेवटी विरळ झाले होते. मी बघितलेत.

आई: ऐंशीची होती आई तेव्हा, वन्सं.

(दार उघडतं. अप्पा. डोक्यावर थेट ट्यूबलाइट.)

अप्पा: किती वेळ आहे अजून? तो पोलीस गाडी उचलायच्या बेतात आहे.

(डॉक्टर भिंग खाली ठेवतात. बराच वेळ अप्पांच्या डोक्याकडे बघतात.)

डॉक्टर: आपण?

अप्पा: हिचा वडील.

डॉक्टर: या, बसा. गाडी जाऊ दे. (आत्तीला) कुणाला नाही म्हणालात, आजी?

आत्ती: हां, हा होय? हा गार्ड आहे. टोपीनं गेलेत त्याचे.

डॉक्टर: आणि यांचे वडील?

मी: पटक्यानं.

डॉक्टर: यांना भाऊ?

अप्पा: एक आहे. त्याचे पुण्याच्या पाण्यानं.

(कंपाउंडर खोकत बाहेर जातो. डॉक्टर रुमालानं तोंड पुसतात. पुसायला तोंडावर काही नव्हतं.)

डॉक्टर: पुण्यात एवढी माणसं तेच पाणी पितात. सगळ्यांचे का नाही गेले?

आत्ती: अहो पण पुरुषांचं वेगळं! बाईला कुठं टक्कल पडतं?

डॉक्टर: पडतं. रूप वेगळं असतं, म्हणून ओळखू येत नाही. इकडे बघा सगळ्यांनी.

नाटक इथं थांबलं, कारण पुढचं बराच वेळ त्या एकट्याच बोलल्या, आणि मला ते अजून आठवतं. टेबलावरच्या कागदावर त्यांनी एक मूळ काढलं, कांद्यासारखं. "केस उगवतो," त्या म्हणाल्या, "काही वर्षं वाढतो, गळतो, आणि त्याच मुळातून नवा येतो. हे सगळ्यांचं असंच असतं. पण काही जणांची मुळं जन्मतःच हळवी असतात. शरीरातला एक हार्मोन आहे, तो त्यांना सोसत नाही. अशा मुळातून दर खेपेला येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड. शेवटी नुसती लव." त्यांनी कांद्याशेजारी लहान कांदा काढला, त्याच्या शेजारी लसणाची पाकळी. "पुरुषांचं कपाळ मागं सरकतं, टाळू उघडी पडते. बायकांची कपाळावरची रेघ बहुधा जागेवर राहते आणि भांग रुंद होतो. बायकांत त्या हार्मोनचा हात किती, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण मूळ बारीक होतं ते असंच."

"म्हणजे घराण्यातून येतं," मी म्हणाले.

"हो. पण एकाच बाजूनं येतं असं नाही. आईकडून येईल, वडिलांकडून येईल, दोन्हीकडून थोडं थोडं. एका भावाला येईल, दुसऱ्याला नाही."

"बघा!" आत्ती म्हणाली. "आईकडून पण!"

"येऊ शकतं, आजी. पण पुरावाच बघायचा तर तो या खुर्चीत बसलाय."

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी दोन्ही हातांनी आपलं डोकं चाचपलं.

"पण मी काय केलं?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही काही केलं नाही, टोपीनं केलं नाही, पटक्यानं केलं नाही. कुणीच काही केलेलं नाही."

आईनं खुर्ची थोडी पुढे ओढली. वर्गात सगळ्यात मागं बसणाऱ्या मुलीनं विचारावं तसं तिनं विचारलं,

"डॉक्टर, ही दुसरीत असताना मी हिचा बॉबकट केला होता."

"बरं?"

"पूर्ण. इथपर्यंत." तिनं स्वतःच्या कानाला हात लावला. "त्यानं नाही ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, वर केस कापला तर खाली मुळाला त्याची खबरसुद्धा लागत नाही."

"आणि तेल? माझी सकाळची शाळा असायची. रोज लावणं व्हायचं नाही."

"तेलानं केस मऊ राहतो. तेवढंच. आवडत असेल तर लावा, लेकीचं डोकं चेपायला कारण कशाला लागतं?"

आई वर पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता. मग तिनं मुठीतला धने-गूळ, इतका वेळ घट्ट धरून चिकट झालेला, तोंडात टाकला आणि चावून चावून खाल्ला.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, लोह आणि थायरॉइड, कारण कधीकधी त्यानंही भर पडते. मग लावायचं औषध लिहून दिलं. "महिनोन्‌महिने लावायचं. गेलेले सगळे परत येतील असं मी म्हणत नाही. आहेत ते टिकतील, काही जाड होतील. मध्येच सोडलं तर पुन्हा पहिलं सुरू." चिठ्ठी माझ्या हातात देताना त्यांची नजर क्षणभर आत्तीच्या अंबाड्यावर थांबली. "आणि घरात दुसऱ्या कुणाला दाखवायचं असेल तर या. लोक लपवण्यातच वर्षं घालवतात."

आत्तीनं गजरा सारखा केला.

परतताना गाडी चालवत अप्पा आरशात मागची गाडी सोडून स्वतःचं डोकं बघत होते. "टोपीला उगीच नावं ठेवली आपण इतकी वर्षं," ते म्हणाले. "बिचारी." आई हसायला लागली. सुरुवातीला नाकातून, मग मोठ्यानं, मग डोळे पुसत. मीही हसले. आत्ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावरही ती बोलली नाही. अनारशांना जाळी पडली नव्हती, तरी बोलली नाही. भोकरेकाकू दारात येऊन "काय म्हणाला डॉक्टर?" विचारून गेल्या, तरी नाही.


टोक, पुन्हा

नरकचतुर्दशीला आमच्याकडे एक ठरलेली गोष्ट असायची. आत्ती सगळ्यांच्या आधी न्हायची. आम्ही डोळे चोळत उठेपर्यंत ती अंबाडा घालून, गजरा माळून, दारात रांगोळीला बसलेली. आईनं घरातल्या सगळ्यांना तेल लावायचं, अप्पांच्या डोक्यालासुद्धा, पण आत्तीला कधी लावलेलं मी पाहिलं नव्हतं. "माझं झालं," ती म्हणायची. आम्ही सगळे तिला मानायचो. एवढी शिस्त, या वयात.

त्या पहाटे अप्पांच्या पहिल्या फटाक्यानं मला जाग आली. उटण्याचा वास आला. मी मागच्या खोलीत गेले. पाट मांडले होते, रांगोळी होती, समई होती, आणि एका पाटावर माझ्याकडे पाठ करून कुणीतरी म्हातारी बसली होती. लहानसं डोकं. पांढरे, विरळ, कापसाच्या वातीसारखे केस खांद्यापर्यंत कसेबसे पोचलेले. त्यांच्या मधोमध रुंद, गोरा भांग. माझाच.

मग मला शेजारच्या स्टुलावर तो नारळ दिसला. काळाभोर, गजऱ्यासकट.

आई तेलाची वाटी घेऊन तशीच उभी होती.

"बघत काय बसलीस शैला," आत्ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण सतारींना ऐकू जाईल असा नव्हता. "लाव की. तेल गार व्हायलंय."

आईनं तळवा तिच्या टाळूवर ठेवला.

"पस्तिशीत सुरू झालं माझं," आत्ती समईकडे बघत म्हणाली. "त्याच्या आदल्या दिवाळीला मला मोठा ताप होता. सासूबाई म्हणाल्या, डोक्यावरून घेऊ नकोस. मी घेतलं. दिवाळी होती, बिनन्हाती कशी राहू? आणि मग जायलाच लागले. म्हटलं, आपल्याच हातानं करून घेतलं. कुणाला सांगणार?" ती थोडी थांबली. "काल ती बाई म्हणाली ना, कुणीच काही केलेलं नसतं. मग... तापात न्हाल्यानं नाही ना गं?"

आई पुष्कळ काही म्हणू शकली असती. वीस दिवाळ्या ती ते साठवत आली होती. मी दारातच उभी राहिले.

"नाही, वन्सं," आई म्हणाली. "तापानं गेले असते तर परत आले असते. तुमचे नांद्रेकरांचे आहेत."

"नक्की?"

"पाडवा झाला की जाऊ. तुम्हीच विचारा त्यांना."

आत्तीनं मान हलवली. तेलाचा एक ओघळ तिच्या कपाळावर आला, तो आईनं पदरानं टिपला.

"तुला फार बोलले मी."

"हो, बोललात," आई म्हणाली. "डोकं जरा पुढं करा, मागं राहिलंय."

तेवढ्यात अप्पा आले, कारीट फोडून, "गोविंदा, गोविंदा" करत. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. स्टुलाकडे पाहिलं. एखादा दुसरा माणूस गप्प झाला असता, नाहीतर मागच्या मागं निघून गेला असता. अप्पांनी तो अंबाडा उचलला, गजरा पुढं येईल असा आपल्या डोक्यावर ठेवला आणि हिरवा झेंडा दाखवावा तसा हात वर केला.

"टोपी बदलली गार्डानं."

"मेल्या, ठेव तो खाली!" आत्ती ओरडली, आणि तिनं उटण्याचा गोळा नेम धरून मारला. तो बरोबर टाळूवर बसला. पलीकडच्या गल्लीत तारा वाजल्या असतील.

आम्ही तिघं ओळीनं पाटावर बसलो. आई वाटी घेऊन एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्याकडे सरकत राहिली आणि तिची बोटं कुठंच अडखळली नाहीत.


माझ्या लग्नात न्हाणीचं दार उघडं होतं. मी हळदीनं माखून पाटावर, केस मोकळे, बायका भोवती. सुहासच्या मावशी पुढं वाकल्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना विचारल्याशिवाय राहवत नसे.

"केस विरळच आहेत गं नवरीचे. आईकडचं का?"

आई मागं गरम पाण्याची बादली घेऊन उभी होती. ती काही बोलायच्या आत आत्तीनं हातातला तांब्या खाली आपटला.

"आईकडचं कशाला? आमचं आहे ते! नांद्रेकरांचं. बापाकडून आलंय. तिकडं मांडवात पहिल्या रांगेत बसलाय, बघून या. आणि तेवढं लांब जायचं नसेल तर—"

तिनं डोक्यावरचा पदर खाली ओढला. मानेवर पांढऱ्या केसांची सुपारीएवढी गाठ होती. गजरा मात्र तिनं जुन्याच मापाचा आणला होता. तो दर खेपेला मानेवर घसरायचा आणि आई ओल्या हातानं तो पुन्हा वर सरकवत होती.